मलप्रभेकाठी मुक्कामाला येण्याआधी

खानापूर आणि जांबोटीच्या मधे, मलप्रभेला लागून आमचं शेत आहे. खाली नदीकडं भात, वर चढाला काजू. दसरा झाला की काजूच्या झाडांखाली तंबू लागतात आणि मार्च सरता सरता उतरतात. हंगामात फोनवर रोज तेच प्रश्न येतात, अन् आण्णा प्रत्येकाला नदीच्या उगमापासून सांगायला बसतात. त्यांचा घसा वाचावा म्हणून ही उत्तरं लिहून ठेवली आहेत.

यायचं कसं?

बेळगावहून खानापूर पंचवीस-सव्वीस किलोमीटर. बेळगाव-लोंढा लाइनवर खानापूरला स्टेशन आहे, पण सगळ्या गाड्या थांबत नाहीत, तिकीट काढण्याआधी बघून घ्या. खानापूर स्टँडवरून जांबोटीकडची बस धरायची आणि फाट्यावर उतरायचं. स्वतःच्या गाडीनं येणारे बेळगावहून थेट चोर्ल्याच्या रस्त्यानं जांबोटीला येतात. तो रस्ता कसा आहे हे दर वर्षी नव्यानं विचारावं लागतं. निघायच्या आदल्या दिवशी फोन करा, आहे ते सांगू. अंधार पडायच्या आत पोचा. नकाशा शेवटच्या वळणावर हमखास डावीकडं पाठवतो आणि तिकडं शेजाऱ्यांचा गोठा आहे.

कधी यावं?

तुम्हाला काय करायचं आहे त्यावर आहे. नदीला अंगभर पाणी आणि तरीही शांत प्रवाह हवा असेल तर नोव्हेंबर आणि डिसेंबर. थंडी हवी असेल तर डिसेंबरअखेर ते जानेवारी. पहाटे पारा बारा-तेरा अंशांपर्यंत उतरतो आणि तंबूवर इतकं दव साठतं की रात्री पाऊस पडला असं वाटावं. फेब्रुवारीत पाणी घोट्याला येतं, मधेमधे डोह उरतात. मार्चमध्ये काजूची बोंडं पिकतात, सगळ्या बागेला आंबूस वास सुटतो. काहींना तो आवडतो, काही दुसऱ्या दिवशीच गाडीला किल्ली लावतात. जून ते सप्टेंबर आम्ही बंद. तेव्हा आम्ही चिखलात रोप लावत असतो आणि नदी आमच्या भाताच्या बांधाला लागलेली असते.

फोटोत दिसते ती वाळू रिकामी आहे. तंबू तिथं लावून द्याल का?

नाही. आग्रह करू नका.

एकदा केला होता आग्रह, आणि आम्ही ऐकलं होतं. कोजागिरी होती. निपाणीकडची मंडळी आली होती, आभाळ स्वच्छ, चंद्र डोक्यावर, चुलीवर मसाला दूध. तंबू वाळूत, पाण्यापासून दहा पावलांवर. आमच्याकडं पावसाचा थेंब नाही. पण संध्याकाळी वर उगमाकडं, कणकुंबीला, परतीच्या पावसाचा ढग फुटला होता, आणि ते आम्हाला कुणी कळवलं नाही. कळवणार तरी कोण? दीडच्या सुमारास आई उठून बाहेर आली. म्हणाली, नदीचा आवाज बदललाय. खळखळ थांबून घुमल्यासारखं व्हायला लागलं होतं. बॅटरी मारली तर पाणी तांबडं, वर फेस, पालापाचोळा आणि काटक्या. माणसं झोपेतून ओढून वर आणली. तंबू निघाले, दुधाचं पातेलं आणि दोन शेगड्या गेल्या. सकाळी त्याच वाळूवर कमरेएवढं पाणी होतं.

यात चमत्कार काही नाही. जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस पडतो तो खानापूर तालुक्याच्या या पश्चिम पट्ट्यात. उगम जवळ, उतार तीव्र, पात्र अरुंद. वर पडलेलं पाणी काही तासांत खाली येतं आणि खाली आभाळ मोकळं असलं तरी येतं. म्हणून पाणी अचानक गढूळ झालं, वर काडीकचरा वाहत आला, की सामान गोळा करत बसायचं नाही. लेकरांना घेऊन चढ चढायचा. तंबू आता काजूच्या बागेत असतात. तिथून नदी दिसते, ऐकू येते, आणि रात्री ती अंगावर येत नाही.

ट्राउट मिळेल का?

हा प्रश्न पुण्या-मुंबईकडून येतो. नदीकाठचा तंबू, डोंगरातली वाट आणि ट्राउट मासा, असं चित्र कुठंतरी बघितलेलं असतं. मिळणार नाही. मलप्रभेत ट्राउट नाही, काळी नदीत नाही, घटप्रभेत नाही. कुणी इथं ट्राउट दाखवतो म्हणाला तर पैसे आधी देऊ नका.

कारण पाण्याचं तापमान. ट्राउटला थंड आणि प्राणवायूनं भरलेलं पाणी लागतं, दहा ते सोळा-सतरा अंशांच्या आसपासचं. वीसच्या वर गेलं की तो कासावीस होतो, कारण पाणी जितकं तापेल तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. आमच्या डोहांतलं एप्रिलचं पाणी दुपारी हात घालाल तर कोमट लागतं. शिवाय हा मासा मुळात आपल्या देशातला नाहीच. तपकिरी ट्राउट युरोपातला, इंद्रधनुषी ट्राउट उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचा. साहेबांना गळ टाकायची हौस म्हणून १९०० च्या सुमारास त्यांनी तो काश्मीरच्या ओढ्यांत आणून सोडला, नंतर निलगिरीत आणि मुन्नारच्या उंच भागात. निलगिरीत ॲव्हलांच इथं त्याचं बीज तयार करण्याचं केंद्र आहे. हिमाचलात तीर्थन नदीच्या खोऱ्यात लोक खास त्याच्यासाठी जातात. तुम्हाला ट्राउटच हवा असेल तर तिकडं जा, मनापासून सांगतो. खानापूरला येऊन खट्टू होऊ नका.

मग इथं कोणते मासे आहेत?

मरळ, वाम, शिंगाळा, डोहांत बारीक खवल्याचे कितीतरी, आणि दगडांखाली खेकडे. धरणांत सोडलेले कटला-रोहू वेगळे, ते खाली सौंदत्तीकडं नविलुतीर्थाच्या पाण्यात.

पण या भागाचा मानाचा मासा म्हणजे महाशीर. मोठे खवले, जाड ओठ, वाहत्या पाण्याला उलटं चढणारा. दख्खनच्या महाशीराची शास्त्रीय नोंद कर्नल साइक्सनं १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून केली, आणि त्यानं दिलेल्या नावातलं ‘खुद्री’ हे आपल्याच बोलीतून उचललेलं. म्हणजे जगभरचे शास्त्रज्ञ त्याला मराठी नावानं हाक मारतात आणि आपण ट्राउट शोधत फिरतो. धरणं, वाळूउपसा आणि सुरुंग यांनी तो बऱ्याच नद्यांतून हटला. लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावाकाठी त्याची पिल्लं वाढवून पुन्हा नद्या-तलावांत सोडण्याचं काम १९७० च्या दशकापासून चालत आलं आहे. तुंगेकाठी शृंगेरीच्या घाटावर लोक त्याला मुरमुरे घालतात, धरत नाहीत. आमच्या डोहात कधी दिसला तर आम्हीही बघतो आणि गप्प बसतो. जागा विचारू नका, सांगणार नाही.

गळ टाकता येईल?

आमच्या शेताच्या काठावर, हौसेपुरता, हो. बांबूची काठी, दोरा, गरी आमच्याकडं आहे. गांडूळ, म्हणजे आमच्या भाषेत काडू, केळीच्या बुडात उकरून तुमचं तुम्ही काढायचं. पोरांना मासा धरण्यापेक्षा तेच जास्त आवडतं. नाहीतर कणकेचा गोळा. सकाळी उजाडताना आणि दिवस मावळताना बसा. भर दुपारी गळ टाकून बसणाऱ्याला आमच्याकडं झोपाळू म्हणतात. वीतभराच्या आतला मासा परत पाण्यात. महाशीर लागला तर ओल्या हातानं गरी सोडवायची आणि लगेच सोडायचा. कोरड्या हातानं धरलं की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तो नंतर रोगानं मरतो.

भीमगड अभयारण्याच्या हद्दीत मात्र गळसुद्धा चालत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तिथले मासेही संरक्षणात येतात. आणि जिलेटिन, ब्लीचिंग पावडर, तारेवर आकडा टाकून करंट सोडणं हे कुठंच चालत नाही. पाण्यात स्फोट करणं आणि विष कालवणं हे १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. जुन्या काळी गेळफळ कुटून एखाद्या डबक्यात टाकायचे, मासे गुंगून वर यायचे. आबा त्याच्या गोष्टी रंगवून सांगतात. ऐका, करू नका.

चढणीचे मासे धरायला जूनमध्ये येऊ का?

आम्ही बंद असतो, आणि उघडे असतो तरी नाही म्हटलं असतं. मृगाचा पाऊस झाला की मासे अंडी घालायला ओढ्यांतून, ओघळींतून थेट भाताच्या खाचरात चढतात. गावात तेव्हा बुट्ट्या, पाग, घमेली घेऊन सगळे पाण्यात. लहानपणी आम्हीही धरले, आणि त्या रश्श्याची चव मी नाकारणार नाही. पण एका पोटात हजारो अंडी असतात आणि हल्ली धरणारे हात जास्त झालेत. गावाची चढण गावापुरती राहू दे. शहरातून चार गाड्या आल्या की तो बाजार होतो.

ट्यूबवर बसून नदीतून तरंगत जाता येतं म्हणे?

येतं, आणि इथं करण्यासारखी सगळ्यात चांगली गोष्ट तीच आहे. ट्रकच्या चाकाची आतली ट्यूब, त्यात बसायचं, पाय बाहेर, हातांनी वल्हवत वरच्या डोहापासून आमच्या काठापर्यंत. दीडेक तास लागतो. मधे एक जागा अशी आहे की दोन्ही बाजूंची जांभळीची झाडं वर एकमेकांत मिसळली आहेत. तिथं आपोआप सगळ्यांचं बोलणं थांबतं. खंड्या समोरून सुळकन जातो. नशीब असेल तर धनेशाच्या पंखांचा आवाज ऐकू येतो, दूरवर कुणी गोधडी झटकत असल्यासारखा.

ट्यूबच्या तोंडाचं पितळ मांडीला ओरखडतं म्हणून त्यावर आम्ही फडकं गुंडाळतो. ते सोडू नका. उन्हात काळं रबर तापतं, आतली हवा फुगते. बसण्याआधी पाणी मारून घ्या, नाहीतर चटका बसतो.

आता नियम. लाइफ जॅकेट सगळ्यांना, पट्टीच्या पोहणाऱ्यालासुद्धा. ट्यूब हे वाहन आहे, ती उलटली की निघून जाते आणि तुम्ही मागं राहता. घोळक्यानं जायचं, पुढं आमचा माणूस, मागं आमचा माणूस. ट्यूब एकमेकींना दोरीनं बांधायच्या नाहीत. दोरी बुडातल्या झाडाला अडकली की सगळी माळ एका जागी ओढली जाते.

आणि बंधारा. आमच्या काठाच्या खाली बंधारा आहे. वरून बघाल तर पाणी एखाद्या पायरीवरून सरळ खाली उतरतंय असं वाटतं, उंची पुरुषभरही नाही. लोक म्हणतात, एवढंच तर आहे, ट्यूबवरून उतरू की. तिथंच माणसं जातात. वरून पडणारं पाणी तळाला जाऊन पुन्हा उलटं बंधाऱ्याकडं फिरतं. त्या फिरत्या पाण्यात सापडलेली वस्तू बाहेर निघत नाही, वर येते, आत ओढली जाते, पुन्हा वर येते. एक ओंडका आम्ही तीन दिवस तिथं तसाच गरगरताना बघितला आहे. फेसाळ पाण्यात हवा जास्त असते, त्यामुळं अंग नेहमीसारखं तरंगतही नाही. म्हणून आमचा काठ आला, लाल कापड दिसलं, की उतरायचं म्हणजे उतरायचं. “अजून थोडं पुढं” म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी ट्यूब मिळत नाही, पैसे परत मिळतात.

दसरा-दिवाळीच्या आसपास पाणी जोरात असेल तर ट्यूब बंद. ते आण्णा सकाळी काठावरचा एक दगड बघून ठरवतात. दगड दिसला तर जायचं, बुडाला असेल तर चहा प्यायचा. याहून शास्त्रीय पद्धत आमच्याकडं नाही, पण हीसुद्धा आजवर चुकलेली नाही.

पोहता येत नाही. मी काय करू?

आमच्या समोरच्या उथळ पाण्यात बसा. आम्ही पाठीला डबा बांधून शिकलो, आबा भोपळा बांधून. तुम्हाला शिकायचं असेल तर डबा आहे, वय आड येत नाही.

राफ्टिंग आहे का?

आमच्याकडं नाही, मलप्रभेत ते होण्यासारखं नाही. त्यासाठी जोयड्याला जा, काळी नदीवर गणेशगुडीला. लोंढा, रामनगर करत दोन-अडीच तासांत पोचाल. तिथलं गणित वेगळं आहे. वर सुपा धरण आहे, १०१ मीटर उंचीचं, आणि वीज तयार करण्यासाठी ते पाणी सोडतात. त्यामुळं आमची नदी आटलेली असते तेव्हाही काळी वाहत असते, आणि वीजनिर्मिती बंद असेल तर भर हंगामात राफ्ट काठावर. जाण्याआधी पाणी सुटणार का ते विचारा. वाटेत रामनगरला चहाला थांबलात तर आजूबाजूची मराठी-कोकणी ऐका. ते गावच सुपा धरणात ज्यांची गावं बुडाली त्या माणसांच्या पुनर्वसनातून वसलं.

मगरी?

आमच्या या वरच्या, दगडाळ भागात आम्ही पाहिलेल्या नाहीत. काळी नदीत दांडेलीच्या आसपास आहेत, आणि तिकडं कृष्णेत सांगलीकडं आहेत. तिथं काठावर पाय सोडून बसू नका.

चालायला, डोंगरात फिरायला काय आहे?

सगळ्यात सोपं म्हणजे नदीकाठानं वरच्या अंगाला तासभर. वाळुंज, करंज, उंबर यांची सावली. सकाळी शेकरू दिसते.

दिवस मोकळा असेल तर कणकुंबी. मलप्रभा तिथं उगम पावते, सुमारे ७९० मीटर उंचीवर. माउलीचं देऊळ आणि शेजारी कुंड. कुंडातलं पाणी बघून कुणाला खरं वाटत नाही की हीच नदी पुढं नविलुतीर्थ धरण भरते, सौंदत्तीच्या यल्लमाच्या डोंगराजवळून जाते आणि सुमारे तीनशे किलोमीटर चालून कुडलसंगमाला कृष्णेला मिळते. म्हणजे हे पाणी बंगालच्या उपसागराला. आणि याच डोंगरांच्या पलीकडच्या कुशीत, भीमगडच्या रानात म्हादई उगवते. ती गोव्यात उतरून मांडवी होते आणि पणजीला अरबी समुद्राला मिळते. मधल्या एका धारेवर उभं राहिलात तर पावसाचा थेंब कुठल्या बाजूला पडला त्यावर त्याचा समुद्र ठरतो. या धारेखालून पाणी इकडं वळवायचं की नाही, यावर कर्नाटक आणि गोवा वर्षानुवर्षं भांडताहेत. २०१० मध्ये लवाद नेमला, २०१८ च्या ऑगस्टमध्ये त्यानं निवाडा दिला, भांडण तरी मिटलं नाही. कणकुंबीला कळसा नाल्याचं खोदकाम रस्त्यावरून दिसतं. जेवताना हा विषय काढू नका. आण्णा भाकरी हातात धरून तासभर बोलतात आणि आमटी निवते.

कणकुंबीच्या पुढं चोर्ल्याकडचे सडे, म्हणजे कातळाची पठारं, सप्टेंबर-ऑक्टोबरला फुलतात. सोनकी, तेरडा, सीतेची आसवं. फुलांत लोळून फोटो काढणाऱ्यांना आम्ही घेऊन जात नाही.

ज्यांना चढ नको त्यांनी हलशीला जावं. कदंबांची ती दुसरी राजधानी. भूवराह-नरसिंहाच्या देवळात समोरासमोर दोन गाभारे आहेत, आणि दुपारी चार वाजता तिथं बसलं की उठवत नाही. वाटेत नंदगड लागतं, १८३१ मध्ये संगोळ्ळी रायण्णाला इंग्रजांनी फाशी दिलं ते गाव. असोगा खानापूरला लागूनच, नदीकाठचं रामलिंगेश्वराचं देऊळ. तिथले खडक शेवाळलेले आणि डोह खोल, देवदर्शनाच्या जोडीला पोहणं नको.

भीमगड किल्ल्यावर तंबू लावता येईल?

नाही. किल्ला शिवरायांच्या काळातला, पण आज तो भीमगड अभयारण्याच्या पोटात आहे. हे रान २०१० च्या डिसेंबरात अभयारण्य ठरलं, सुमारे १९० चौरस किलोमीटर. वन खात्याच्या परवानगीशिवाय आत पाऊल ठेवायचं नाही. राज्यात ट्रेकसाठी वन खात्यानं ऑनलाइन बुकिंग सुरू केलं आहे, आधी तिथं बघा. “गावातला एक पोरगा चोरवाटेनं नेतो” असं कुणी सांगितलं, तर दंड तुम्हाला आणि केस त्या पोरावर, हे लक्षात ठेवा.

बारापेडेच्या गुहा बघायच्या आहेत.

बघू नका. तिथं राहणारं रॉटनचं वटवाघूळ जगात मोजक्याच ठिकाणी सापडतं, आणि ही त्यातली सगळ्यात जुनी माहीत असलेली जागा. माणूस आत शिरला, बॅटरी मारली की ती उठतात आणि पिल्लं खाली पडतात.

पावसाळ्यात धबधब्यांना?

खानापूरच्या रानातल्या धबधब्यांवर जायला अलीकडं वन खातं पावसाळ्यात मनाई करतं. माणसं वाहून गेल्यावर आलेली मनाई आहे ती. गोकाकचा धबधबा रस्त्यावरून, झुलत्या पुलाजवळून बघता येतो. घटप्रभा तिथं ५२ मीटर खाली उडी घेते. जुलै-ऑगस्टात धबधबाच बघायचा असेल तर तिकडं जा.

रात्री जनावरं येतात का?

येतात. गवे बांधावर येतात आणि चरून जातात. रानडुकरं रोजची. बोंडं पिकली की क्वचित अस्वल. दांडेलीकडून कधी हत्ती उतरतात, तेव्हा गावात फोनाफोनी होते आणि त्या दिवशी आम्ही पाहुण्यांना घरच्या सोप्यावर झोपवतो. तंबूत खायचं काही ठेवायचं नाही, बिस्किटाचा पुडासुद्धा नाही. रात्री लघवीला उठलात तर बॅटरी पायाशी मारत जा, झाडांवर नको. साप पायाशी असतो. दंश झालाच तर बांधाबांध, चिरणं, मांत्रिक काही नाही. हात-पाय न हलवता खानापूरच्या सरकारी दवाखान्यात, तिथून गरज पडली तर बेळगावला. आमची गाडी रात्रभर किल्लीसकट उभी असते.

जळवा आणि गोचीड यांचं काय?

जळवा पावसाळ्याच्या, त्या रक्त पितात आणि गळून पडतात. मीठ किंवा तंबाखूचं पाणी लावा, ओढू नका.

गोचीड मात्र हसण्यावारी नेऊ नका. डिसेंबर ते मे, म्हणजे आमचा बराचसा हंगाम ज्यात येतो तो काळ, हा माकडतापाचाही हंगाम. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला. आता शेजारी दोडामार्ग आणि गोव्यातल्या सत्तरीतही त्याचे रुग्ण झालेत. माकडांच्या अंगावरची बाधित गोचीड माणसाला चावली की होतो. माणसाकडून माणसाला होत नाही. रानात जाताना पूर्ण बाह्या, पँट मोज्यांत खोचलेली, पालापाचोळ्यावर बसायचं नाही, परत आल्यावर गरम पाण्यानं आंघोळ आणि काखा, कानामागं, गुडघ्यामागं तपासणी. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, आम्हाला सांगा, आम्ही वन खात्याला कळवतो. घरी गेल्यावर आठवडाभरात एकदम जोराचा ताप, डोकं, अंगदुखी झाली तर डॉक्टरला आवर्जून सांगा की खानापूरच्या रानात गेलो होतो. डॉक्टर पुण्याचा असेल तर त्याला सुचणार नाही.

जेवण?

काकू करते. सकाळी आंबोळ्या किंवा पोहे, दुपारी भात-आमटी, रात्री नाचणीची नाहीतर तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, एखादी सुकी भाजी. कोंबडी किंवा मटण हवं असेल तर आदल्या दिवशी सांगा. सोमवारी आणि एकादशीला चुलीवर मांसाहार होत नाही. तुम्ही धरलेला मासा काकू तळून देईल, पण साफ तुम्ही करायचा.

गोव्याहून येतोय, येताना बाटल्या आणू?

कणकुंबीला नाका आहे. गोव्याची दारू कर्नाटकात विनापरवाना आणता येत नाही, आणि पकडलात तर आमचं नाव सांगू नका. शेतात पिणं आम्हाला नको आहे. पिऊन पाण्यात उतरणाऱ्याला आण्णा सरळ गाडीत बसवतात.

कन्नड येत नाही, अडेल का?

आमच्या गावात मराठीच. बसमधे, वन खात्याच्या चौकीवर, दवाखान्यात कन्नड लागू शकतं. नीरु म्हणजे पाणी, एष्टु म्हणजे किती, साकु म्हणजे पुरे, बेड म्हणजे नको. नावापुढं ‘री’ लावलं की माणूस खूश. मोडकंतोडकं बोललात तरी समोरचा हसून मराठीत वळतो.

लाइट, फोन, शौचालय?

शौचालय दोन, पक्की, गरम पाणी चुलीवरचं. लाइट असते, जाते, येते. फोनला काजूच्या वरच्या टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी रेंज आहे. तिथं दगडाचं बाकडं टाकलंय, त्यावर बहुतेक वेळा कुणीतरी ऑफिसशी भांडत बसलेलं असतं.

गाणी लावता येतील?

गळ्यातून, हो. स्पीकरमधून नाही.

सोबत काय आणावं?

जाड पांघरूण, कानटोपी, बॅटरी, ओलं झालं तरी चालेल असं पायताण ज्याला मागं पट्टा आहे. चप्पल नदीत पहिल्या पाच मिनिटांत जाते, आणि बंधाऱ्याखाली अडकलेल्या चपलांतून जोड लावायचा प्रयत्न आम्ही सोडून दिला आहे. नेहमीची औषधं. पोरांसाठी कोरडे कपडे, तुम्हाला वाटतात त्याच्या दुप्पट.

जाताना काय न्यावं?

मार्चात आलात तर काजू, आमचेच. खानापूरची माती मडक्यांसाठी नावाजलेली, तिथून एक माठ घ्या. गाडीत मांडीवर ठेवून न्यावा लागतो. बेळगावात कुंदा घ्याल हे सांगायला नको.

आणि तंबूचे खुंटे मोजून द्या. प्रत्येक पिशवीत बारा असतात. गेल्या मार्चात एक जमिनीत राहिला आणि बोंडं वेचताना काकूच्या तळपायात घुसला. तेव्हापासून मोजायचं काम काकूच करते, आणि अकरा भरले तर ती फाटकात उभी राहते.